आधी उधारी फेडा

बसा. मोबाइल पालथे ठेवा. मागच्या बाकावरच्या दोघांनी पुढे यावं. शब्बाथशाळेत होतात तेव्हाही तिथंच बसायचात आणि तेव्हाही माझं लक्ष असायचंच.

तुमच्या तरुण संघाचा कागद माझ्याकडे आला. नाताळाआधी तीन दिवस सुवार्ता महोत्सव. मैदान, मांडव, एलईडी पडदा, बाहेरगावचा गायक, आणि हेतू म्हणून खाली ठळक अक्षरात लिहिलंय : आसपासच्या लोकांना देवाचा शोध घ्यायला प्रवृत्त करणे. दुसऱ्या दिवशीच्या वक्त्यांत माझं नाव. मला विचारायची तसदी कोणी घेतली नाही. असो. विषय दिलाच आहे तर आजच बोलून टाकते, तेवढाच मांडवाचा एक दिवस वाचेल.

आसपासचे लोक म्हणजे कोण, ते आधी सांगा. 'लोक' नावाचं कोणी आपल्या गल्लीत राहत नाही. कोपऱ्यावर किराणा दुकान आहे. त्याच्या वहीत तुमच्यापैकी चौघांची पानं आहेत. मला ठाऊक आहे, कारण साखर मीही तिथूनच आणते. तो मला म्हणाला, "बाई, तुमच्या चर्चची मुलं गातात मात्र छान." उधारीबद्दल चकार शब्द काढला नाही. वही फक्त माझ्यासमोर उघडी ठेवली आणि तराजूकडे वळला. गणपतीपासूनची बाकी आहे एकाची. आणि त्याच दुकानाच्या शटरवर तुम्ही पत्रक चिकटवून आलात, देव तुमच्यावर प्रीती करतो म्हणून! त्याला न विचारता. तो रोज सकाळी ते शटर वर सरकवतो, पत्रक आत गुंडाळलं जातं, आणि मग तो तुमची वही काढतो. देवाविषयी त्याला जे काही कळायचं ते यातल्या कशावरून कळेल असं वाटतं तुम्हांला?

हसू नका. हसण्यासारखं मी काही बोलले नाही.

तुमच्यातल्या एकीच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी माझ्याकडेही येतात. तुमच्याकडे त्यांचा चहाचा कप वेगळा आहे. खिडकीत पालथा असतो. मावशी तक्रार करत नाहीत, त्यांना त्यात नवीन काही वाटत नाही, कारण इतर चार घरांतही तसंच आहे. प्रश्न तोच आहे. इतर चार घरांत आहे तसंच तुमच्याकडे का? ज्याच्या पंगतीला जकातदार आणि बदनाम बायका बसल्या म्हणून शास्त्री-परूश्यांनी नाकं मुरडली, त्याची तसबीर तुमच्या दिवाणखान्यात आणि खाली खिडकीत तो कप. पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला हात पसरताना तो कप आठवत नाही का गं?

लग्नं जमवताना तर सगळाच आनंद. स्थळ आलं की पहिला प्रश्न, मुलगा काय करतो. दुसरा प्रश्न आवाज खाली घेऊन, "पण मूळचे कोण?" दोन-तीन पिढ्यांपूर्वी बाप्तिस्मा झाला, जात मात्र ट्रंकेत डांबरगोळ्या घालून जपून ठेवलीत. शेजारच्या माणसाला हे दिसत नाही असं समजू नका. तो मनात म्हणतो, मग यांच्यात आणि आमच्यात फरक तो काय, रविवारचे कपडे? बरोबर म्हणतो.

आणि हंगामाचा सण. लिलावात एका लाल भोपळ्याची बोली हजारांवर नेता, टाळ्या पडतात, पाळकसाहेब माइकवरून नाव घेतात. त्याच सकाळी बाहेर बसलेल्या भाजीवालीशी मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून घातलेला वाद मी स्वतः ऐकला आहे. येशूनं परूश्यांना याच गोष्टीवरून झापलं होतं. ते पुदिना, शेपू आणि जिऱ्याचासुद्धा दशमांश मोजून द्यायचे, आणि न्याय, दया, विश्वासूपणा यांचं काय, तर त्यांच्याकडे बघायलाही वेळ नाही. मत्तयाचा तेविसावा अध्याय. घरी जाऊन वाचा. इथं वाचून दाखवला तर तुम्हांला वाटेल तो दुसऱ्या कोणासाठी लिहिलाय.

मजुरीचंही तेच. मोशेच्या नियमशास्त्रात मजुराचे पैसे सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितले आहेत. तो गरीब असतो, त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला असतो, हे कारणही तिथंच दिलं आहे. याकोबानं तर शेत कापणाऱ्यांची अडवून धरलेली मजुरीच ओरडते असं लिहिलं. गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाच्या मांडववाल्याचे पैसे फेब्रुवारीत दिलेत. तेही त्यानं तीन फेऱ्या मारल्यावर. तिसऱ्या फेरीला तुमचे खजिनदार उपास-प्रार्थनेला बसले होते म्हणून त्याला दारातूनच परत पाठवलं. तो माणूस या वर्षी महोत्सवाला येणार आहे, मांडव घालायला. देवाचा शोध घ्यायला येईल की आगाऊ रक्कम मागायला, ते बघा.

आता तुम्ही म्हणाल, बाई जुन्या काळातल्या, त्यांना स्पीकरचा राग आहे. स्पीकरचा राग आहेच, तो वेगळा मुद्दा. पण जुना काळ काढलातच तर नीट काढू.

टिळकांचं नाव तुम्ही दर वर्षी घेता. भिंतीवर फोटो आहे. नारायण वामन टिळक ख्रिस्ताकडे कसे वळले, कोण सांगेल? कोणी नाही. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी होता. तो सौजन्यानं वागला, आणि गप्पा निघाल्या त्या संस्कृत काव्यावर. लक्षात घ्या, कवीशी त्याच्या आवडीच्या विषयावर बोलला तो. बोलता बोलता विषय धर्मावर गेला आणि निरोप घेताना त्यानं नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी ती पेन्सिल हातात घेऊन वाचायला सुरुवात केली, डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना हलवेना. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्याच्या अभंगांवर आपली मंडळी अजून जगते आहे तो माणूस मंडळीला मिळाला एका प्रवासातून, आणि त्या प्रवाशाचं नाव तुमच्यापैकी एकालाही माहीत नाही. त्यानं पावती फाडली नाही, फोटो काढला नाही. आणि तुम्ही? नगर-पुणे गाडीत शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून डोळे मिटून घेता, कोणी बसू नये म्हणून. कानात भक्तिगीत चालू असतं, हे मी मान्य करते.

त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं आणखी शिकण्यासारखं आहे. नवऱ्यानं धर्म बदलला तेव्हा त्या त्याच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षं नातेवाइकांत राहिल्या, रडल्या, भांडल्या. परत संसाराला आल्या तेव्हा सोवळंओवळं आणि वेगळं पाणी बरोबर घेऊन आल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मधली पाच वर्षं जिला समजून घ्यायची असतील तिनं त्यांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे' वाचावं. परीक्षेपुरता आलेला धडा म्हणते आहे असं समजू नका, सगळं पुस्तक. देवशास्त्राचे वाद त्यात किती आहेत आणि चूल, पाणी, पोरं, पाहुणे, उसनवारी किती आहे ते मोजा. शिवाशिव माणसानं केलेली आहे, देवानं नव्हे, हे त्या बाईला कोणी व्यासपीठावरून पटवलं नाही. तिचं तिनं ते पारखलं, आणि पटल्यावर कोणाच्याही हातचं खाल्लं. तुम्ही जन्मानं ख्रिस्ती. तुमचा कप अजून खिडकीत.

पंडिता रमाबाईंचं मात्र जरा सावकाश सांगते, कारण तुमच्या कागदावरचा 'प्रवृत्त करणे' हा शब्द मला तिथं तपासून बघायचा आहे. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींना शिकवण्यासाठी. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. स्वतः ख्रिस्ती, पण शाळेत धर्म शिकवायचा नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, हा करार. त्यांनी तो पाळला. फक्त त्या स्वतःच्या खोलीत स्वतःच्या मुलीला घेऊन प्रार्थना करायच्या आणि दार उघडं ठेवायच्या. कोणाला बोलावणं नाही, कोणाला मज्जाव नाही. काही मुली येऊन बसायला लागल्या. पुण्यात गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात होती, त्यांनी १८९३ मध्ये राजीनामे दिले. पालकांनी मुली काढून नेल्या. रानड्यांची बाजू काहीच नव्हती असं मी म्हणणार नाही. लोकांनी विश्वासानं मुली पाठवल्या होत्या, आणि त्या विश्वासाची जबाबदारी त्यांच्याही माथी होती. पण रमाबाईंनी दार लावलं नाही.

एवढं तुमच्या भाषणांत येतं. पुढचं येत नाही. शारदा सदनातल्या अगदी पहिल्या विधवा विद्यार्थिनींत एक गोदूबाई होत्या. त्या १८९३ मध्येच धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांनी पुढे हिंगण्याला काय उभं केलं ते तुम्हांला ठाऊक असेल, निदान असावं. आनंदीबाई हिंदूच राहिल्या. रमाबाईंची तिच्यावरची मेहनत वाया गेली का? तुमच्या महोत्सवाच्या अहवालात तिला कोणत्या रकान्यात टाकाल? 'निर्णय घेतला' या रकान्यात ती बसत नाही. म्हणून सांगते, तो रकानाच खोडा. माणसाला देवाकडे वळवणं हे काम तुमच्या हातात कधी दिलेलंच नाही. आमिष दाखवून, भीती घालून, आजारी माणसाच्या उशाशी बसून जो हे काम करायला जातो तो देवाच्या खुर्चीत बसू पाहतो. तुमच्या हातात दार आहे. ते उघडं आहे का, आणि आत डोकावणाऱ्याला काय दिसतं, एवढंच तुमचं. रमाबाईंच्या दारातून प्रार्थना करणारी बाई दिसत होती. तुमच्या दारातून?

तुमच्या आज्यांच्या दारातून दिसायचं काहीतरी. इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरात एक तरी नर्स होऊन गेली. मिरजेला वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल उघडलं, आणखीही गावोगावी मिशनचे दवाखाने झाले. त्या काळात बऱ्या घरच्या मुलीनं परक्या माणसाचं मलमूत्र काढणं म्हणजे कुळाला बट्टा. ते काम ज्यांनी पत्करलं त्यांत तुमच्या आज्या-पणज्या होत्या. रात्रपाळीत कंदील घेऊन वॉर्डातून फिरायच्या. कोणाला पत्रक वाटलं नाही, बेडपॅन दिलं. अजूनही खेड्यातली म्हातारी माणसं मिशनच्या दवाखान्याचं नाव काढलं की नर्सबाईंची आठवण सांगतात, आणि सांगताना आवाज मऊ होतो. त्या आवाजातला मऊपणा ही तुमची वडिलोपार्जित मिळकत. तुम्ही ती बसून खाताय. परवा तुमच्यातलीच एक नर्स, नाव घेत नाही, ड्यूटीवर रील बघत होती आणि पेशंटचा नातेवाईक सलाइन संपलं म्हणून दोनदा सांगून गेला. तिसऱ्यांदा सांगायला आला तेव्हा ओरडली. गळ्यात क्रूस होता. त्या नातेवाइकाला क्रूस दिसला असणार, तोंडासमोरच लोंबत होता.

हो, बोल. हात वर कशाला धरून बसलास? काय म्हणतोस, मग तोंडानं काहीच सांगायचं नाही का?

सांगायचं. पण पेत्रानं कसं सांगायला सांगितलंय ते बघ. तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, आणि तेही सौम्यपणे, आदर राखून. सगळे 'उत्तर द्या' एवढंच पाठ करतात. त्याआधी कोणीतरी विचारलेलं असावं लागतं! तुला शेवटचं कोणी कधी विचारलं? ऑफिसात साहेबानं खोटं बिल करायला सांगितलं आणि तू नाही म्हणालास, तेव्हा बाजूच्या टेबलवाल्यानं विचारलं का, तुला भीती नाही वाटली? भावानं जमिनीत फसवलं तरी त्याच्या आजारपणात डबा घेऊन गेलास, तेव्हा गल्लीतल्या कोणी विचारलं का, बाबा रे, हे कसं जमतं तुला? नसेल विचारलं, तर विचारण्याजोगं काही घडलेलंच नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तू तीन रात्री स्पीकरवरून देणार आहेस, एवढाच याचा अर्थ.

आणि आता माझं बोलणं ऐकून उद्यापासून 'साक्ष म्हणून' चांगलं वागायला लागाल, तेही नको. तुमची जात मला माहीत आहे. म्हणजे तरुणांची जात म्हणते मी. शेजाऱ्याला मदत करायची, त्याचा फोटो टाकायचा, खाली वचन लिहायचं. शेजाऱ्याला कळतं हो, आपल्याला मदत मिळतेय की आपण कोणाच्या तरी स्टेटसचा मजकूर झालोय. दान देताना एका हाताचं दुसऱ्याला कळू नये असं ज्यानं सांगितलं, प्रार्थना दार लावून कर असं ज्यानं सांगितलं, त्याच्याच नावानं हा देखावा. मघाशी रमाबाईंच्या उघड्या दाराचं कौतुक केलंत आणि आता हे, असं कोणाच्या मनात आलं असेल तर चांगलं आहे, डोकं चालतंय. रमाबाईंनी दार लोकांनी बघावं म्हणून उघडं ठेवलं नव्हतं. लपवण्यासारखं काही नव्हतं म्हणून ते बंद केलं नाही. दोन्हींत फरक आहे.

एकीनं परवा ब्रदर लॉरेन्सचं वाक्य स्टेटसला लावलं होतं, भांड्यांमध्ये देव भेटतो अशा अर्थाचं, मागे गुलाबाचं चित्र. कोण होता गं हा? सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठातला साधा सेवक. धर्मगुरूही नाही. आधी शिपाईगिरी केलेला, पायानं अधू. मठानं त्याला स्वयंपाकघरात घातला, आणि त्या कामाचा त्याला मुळात तिटकारा होता. हे वाक्य तू लावलं नाहीस. वर्षानुवर्षं त्यानं ते नावडतं काम देवासमोर उभा असल्यासारखं केलं, उत्तरायुष्यात मठातल्यांच्या चपला शिवल्या, आणि १६९१ साली गेला. पाद्री आणि मोठी माणसं त्याच्याकडे येऊन विचारायची, देवाजवळ कसं राहायचं? बघा, विचारायची. तू ते वाक्य लावलंस तेव्हा तुझी आई स्वयंपाकघरात एकटी होती, मला तिनंच फोनवर सांगितलं. रविवारी चौदा माणसांचं जेवण झालं होतं तुमच्याकडे.

देवाचा शोध लोकांनी घ्यावा म्हणता. तुम्ही कधी घेतला होता शेवटचा? मला वाटतं तुमची समजूत अशी आहे की तुम्हांला तो जन्मदाखल्याबरोबर मिळाला, आता इतरांना वाटायचा तेवढा राहिला. जक्कयाची गोष्ट तुम्ही नाटकात करता, बुटका माणूस झाडावर चढतो, सगळे हसतात, येशू हाक मारतो, पडदा. तुमचा पडदा फार लवकर पडतो. घरी गेल्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत. त्याच्यापुढे हिशेबाची बाकी होती, ती त्यानं त्याच दिवशी मिटवली. यरीहोतल्या लोकांना येशू कोण हे कळलं असेल तर दुसऱ्या दिवशी जकातनाक्यावर पैसे परत घ्यायला रांग लागली तेव्हा. उंबराच्या झाडाखाली नव्हे.

तर महोत्सवाचं काय करायचं, ते तुम्ही आणि पंच मंडळी ठरवा. मी आडवी येणार नाही, आणि बोलायलाही येणार नाही. एक अट मात्र आजच घालते, कारण वेदीशी अर्पण घेऊन आल्यावर भावाशी वैर आठवलं तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट करायला जा, हा क्रम मी ठरवलेला नाही. वर्गणीची पावतीपुस्तकं इथं टेबलावर राहतील. एकानंही पुढचे आठ दिवस वर्गणी मागायची नाही. किराणावाल्याची बाकी सोमवारी सकाळी, दुकान उघडताना, संध्याकाळच्या गर्दीत नव्हे. जाताना ते पत्रक स्वतःच्या हातानं काढायचं आणि शटर पुसून द्यायचं. मांडववाल्याला घरी जाऊन माफी, आणि माफी मागताना वचन वगैरे काही सांगायचं नाही. संघाचे अध्यक्ष आणि सचिव गेली दोन वर्षं एकमेकांशी फक्त माइकवरून बोलतात. त्या दोघांनी उद्या उपासनेनंतर माझ्याकडे चहाला यावं, एकत्र. कप माझ्याकडे सगळे सारखे आहेत. कपाचं जिला कळलं तिला कळलं, तिनं मावशींना भाषण देऊ नये, नुसता चहा त्याच कपांतून द्यावा आणि समोर बसून स्वतःही प्यावा.

यातलं कोणी काय केलं ते मला सांगायला येऊ नका. मी विचारणार नाही.

आता उठा आणि सतरंज्या झटकून घड्या करा. दर शनिवारी तुम्ही अशाच टाकून जाता आणि चर्चचा रखवालदार रात्री अकराला एकटा उचलतो. त्याचंही घर आहे.